पीएचडी झाली, पोस्टडॉक चालू आहे आणि आता बत्तिसाव्या वर्षी मेडिकलला जावंसं वाटतंय

पिपेटवाली_सांगलीकर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय आणि लांबण लागणार आहे, आधीच सॉरी.

माझं असं की बारावी २०११, सांगली, पीसीएमबी. तेव्हा नीट नव्हतं, आपली एमएचटी-सीईटी होती, सरकारी सीट अगदी थोडक्यात हुकली, सगळे म्हणाले रिपीट कर पण मला परत ते क्लास आणि टेस्ट सिरीज नको झालं होतं, म्हणून विलिंग्डनला बीएस्सी केलं, मग पुण्यात एमएस्सी, मग अमेरिकेत इम्युनॉलॉजीत साडेपाच वर्षं पीएचडी, आणि आता बॉस्टनमध्ये पोस्टडॉकचं तिसरं वर्ष. कागदावर सगळं बरं चाललंय, पेपर आहेत, पीआय (लॅबप्रमुख) माणूस चांगला आहे, म्हणजे पळून जावं असं काही नाहीये.

पण आमच्याकडे एका कार-टी ट्रायलची (कॅन्सर पेशंटच्याच टी-सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, बदलून परत देतात ती थेरपी) सॅम्पल्स येतात. नळीवर फक्त बारकोड, नाव-गाव काही नाही. एका पेशंटच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी यायच्या, सात महिने आल्या, त्या माणसाच्या टी-सेल्स मला इतक्या पाठ झाल्या होत्या की प्लॉट बघून नंबर सांगितला असता. मग एका गुरुवारी नळी आली नाही, पुढच्या वेळीही नाही. कोऑर्डिनेटरला विचारलं तर म्हणाली, ऑफ स्टडी. बरा झाला का गेला का कंटाळून सोडलं, तिला सांगता येत नाही, नियमच आहे तो. मी दोन दिवस काम नाही करू शकले, खरंच.

त्यात गेल्या वर्षी बाबांना मिरजेत ॲडमिट केलं तेव्हा मी तीन आठवडे तिथे होते. रिपोर्ट मला सगळे कळत होते पण बाबांना कसं सांगायचं ते कळत नव्हतं, आणि माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान रेसिडेंट मुलगी कॉटवर टेकून त्यांना "काका, पंप चांगला आहे, नळीत कचरा अडकलाय" असं सांगून गेली आणि बाबा त्या रात्री शांत झोपले. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

तर प्रश्न: अमेरिकेत एमडीला (तिथली एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवी) अर्ज करावा (एच-१बी वर आहे, ग्रीन कार्ड नाही) का भारतात येऊन चक्क नीट द्यावी? आणि पीएचडीचा या सगळ्यात काही म्हणजे काहीतरी फायदा होतो का? लग्न झालेलं नाही, कर्ज नाही, साठवलेले थोडे पैसे आहेत. वेडी झालीये असं वाटत असेल तर तसंही सांगा.

घाटी_इन_ह्यूस्टन:

वेडी नाहीस, किंवा असलीस तर मी तुझा सीनियर आहे. न्यूरोसायन्समध्ये पीएचडी, तीन वर्षं पोस्टडॉक, मग एमडी, आता इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष. पण माझ्याकडे बायकोमुळे ग्रीन कार्ड होतं हे आधीच सांगतो कारण सगळी गोष्ट तिथेच वळते.

पहिला धक्का मला हा बसला की ॲमकासच्या (इथल्या मेडिकल कॉलेजांचा सामायिक अर्ज) फॉर्मला तुझ्या पीएचडीचं काही कौतुक नाही. ग्रॅज्युएट कोर्सेसची जीपीए ते वेगळी काढतात, अंडरग्रॅडची वेगळी, आणि कॉलेजं बघतात ती अंडरग्रॅडची. भारतातलं बीएस्सी ते व्हेरिफायच करत नाहीत, म्हणजे माझ्या अर्जात अंडरग्रॅड जीपीएच्या जागी नुसता खड्डा. बरीच कॉलेजं सांगतात की प्रीरिक्विझिट (मेडिकलच्या आधी करायचे कोर्स) अमेरिकेत किंवा कॅनडातच केलेली हवीत, काही तर ९० क्रेडिट मागतात. मग काय, दिवसा पोस्टडॉक आणि संध्याकाळी जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायॉलॉजी, सगळं लॅबसकट, दोन वर्षं. एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी उभं राहून टायट्रेशन केलं, गुलाबी रंग जास्त झाला म्हणून टीएने (शिकवायला मदत करणारा विद्यार्थी) दोन मार्क कापले, पीएचडीत मी स्वतः टीए होतो.

एमकॅटचं, म्हणजे इथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचं सांगायचं तर साडेसात तास जातात ब्रेक धरून, स्कोअर ४७२ ते ५२८. चार सेक्शन. तुला वाटेल बायोकेम आपलंच आहे, मलाही वाटलं होतं, आणि सरावात तिथेच मार्क कमी पडायचे कारण पॅसेजमध्ये एक्स्पेरिमेंट दिसला की मी त्याचे कंट्रोल नीट आहेत का ते बघत बसायचो, आणि घड्याळ पळतंय. त्यांना रिव्ह्यूअर नकोय, उत्तर हवंय. कार्स नावाचा सेक्शन आहे, त्यात तत्त्वज्ञान, कला, इतिहास कशावरचेही उतारे असतात आणि पाठांतराचा शून्य उपयोग. त्याला सहा महिने आधीपासून लाग.

आता तुझी खरी अडचण. ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणारी एमडी कॉलेजं मोजकी, त्यातली काही चार वर्षांची फी आधीच बँकेत वेगळी ठेवलेली दाखवा म्हणतात. फेडरल कर्ज तुला मिळणारच नाही, आणि ज्यांना मिळतं त्यांचंही आवळलंय, १ जुलै २०२६ पासून नवीन लोकांना ग्रॅड प्लस हे फेडरल कर्ज बंद, मेडिकलसाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाख एवढीच मर्यादा. न्यूयॉर्कला आइन्स्टाइन कॉलेजने २०२४ मध्ये रूथ गॉट्समन बाईंच्या एक अब्ज डॉलरच्या देणगीनंतर ट्यूशन माफ केली, पण तिथे अर्जांचा पाऊस पडतो हे काय सांगायला हवं. इकडे टेक्सासमध्ये सरकारी कॉलेजं स्वस्त, पण ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांना. त्यामुळे आधी ग्रीन कार्डचं बघ. नोकरीवरच्या ग्रीन कार्डचे प्रकार असतात, त्यातल्या ईबी-२ मध्ये भारतीयांची रांग दहा वर्षांच्या वर आहे, ईबी-१ त्यामानाने लहान, तुझे पेपर बरे असतील तर वकिलाशी बोल.

आणि हो, लोक तुला एमडी-पीएचडी प्रोग्राम सुचवतील, तिथे फी माफ आणि वर स्टायपेंड. तो दोन्ही पदव्या एकत्र करणाऱ्यांसाठी असतो, पीएचडी आधीच झाली असेल तर साधारण घेत नाहीत. यात माझे चार महिने फुकट गेले.

पीएचडीचा फायदा झाला तो इंटरव्ह्यूत. प्रत्येकाने विचारलं, सायंटिस्ट म्हणून चांगलं चाललंय की, मग हे कशाला? तुझी ती नळ्यांची गोष्ट आहे ना, तीच सांग. आणि पीआयला लवकर सांग, माझ्या पीआयपासून मी शेवटपर्यंत लपवलं आणि मग पत्र मागायला गेलो तर त्यांचा चेहरा पडला होता, पत्र दिलं त्यांनी पण कोमट दिलं असणार.

स्पष्टबोल्या:

ताई राग मानू नका पण गणित करा. आता ३२. नीटची तयारी १ वर्ष, एमबीबीएस साडेपाच, नीट पीजी आणि एमडी मिळून चार धरा, म्हणजे ४३. तोपर्यंत तुमच्या वर्गातली पोरं स्वतःचं हॉस्पिटल बांधून ईएमआय फेडत असतील. डेटाला नाव नाही म्हणून कोणी १० वर्षं घालवतं का, ट्रायलच्या क्लिनिकल साइडला नोकरी धरा, पेशंट दिसतील, पगारही मिळेल.

रसायनवाला_स्टेथोवाला:

स्पष्टबोल्यांचं गणित बरोबर आहे, मी हेच गणित माझ्या सासऱ्यांच्या तोंडून दर दिवाळीला ऐकतो. ४३ तर ती तशीही होणारच आहे.

मी नीटच्या बाजूने सांगतो कारण मी त्यातून गेलोय. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी, पुण्यात, नंतर कंपनीत नोकरी. मार्च २०२२ मध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नीटची वयाची वरची अट काढून टाकली, बायको म्हणाली आता कारण नाही उरलं तुझ्याकडे, जुलैत पेपर दिला, ३३ वर्षांचा होतो. आता एका सरकारी कॉलेजात फायनल इयरला आहे. घर बायकोच्या पगारावर चालतं हे लिहिलं नाही तर ती हा धागा वाचून मला मारेल.

तुमच्या शंका ओळीने घेतो. पीएचडीचा नीटमध्ये फायदा: शून्य. खरं तर वजा. १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा, बायो ९०, फिजिक्स-केमिस्ट्री ४५-४५. आता पर्यायी प्रश्न पण काढलेत आणि वेळ तीन तासांवर आणलाय, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. पीएचडीवाल्याचं डोकं प्रत्येक पर्यायाला "हे कंडिशनवर अवलंबून आहे" म्हणतं. मी केमिस्ट्रीतला डॉक्टर, आणि पहिल्या मॉक टेस्टला माझे सगळ्यात कमी मार्क केमिस्ट्रीत, कारण एनसीईआरटीत जे ढोबळ करून लिहिलंय ते मला चुकीचं वाटायचं आणि मी जास्तीचं खरं उत्तर द्यायचो. शेवटी भाचीने (तीही त्याच वर्षी देत होती) सांगितलं, मामा, पुस्तकात जे आहे तेच खरं, परीक्षा होईपर्यंत तरी. तेव्हापासून एनसीईआरटी बायो सात वेळा वाचलं, आकृत्यांखालच्या ओळींसकट.

कागदपत्रांचं बघा. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो आणि इंग्लिश हवं, ते आहे तुमच्याकडे. दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल असेल तर राज्याच्या ८५ टक्के कोट्यात येता, हा फार मोठा मुद्दा आहे, डोमिसाइल काढून ठेवा. गॅपचं ॲफिडेव्हिट लागतं, माझ्या वेळी खिडकीवरचे काका गॅपच्या रकान्यात १५ वर्षं बघून म्हणाले, एवढा वेळ काय करत होता, म्हणलं शिकतच होतो. अमेरिकेत नीटचं सेंटर नाही, दुबई-सिंगापूरकडे असतं, पण मे महिन्यात सरळ सांगलीला या आणि कोल्हापूरला नाहीतर सांगलीतच द्या. सरकारीत फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात, खाजगीत कित्येक पट. कोणीतरी एनआरआय कोटा सुचवेल, फीचा आकडा एकदा बघा आणि विसरून जा. सरकारीत शिकलात की नंतर एक वर्षाचा सरकारी सेवेचा बाँड आहे.

आत गेल्यावर कसं असतं ते कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पहिले काही दिवस पोरं मला सर म्हणून उठून उभी राहायची, मग काका, आता नावाने हाक मारतात आणि माझ्या टिपणांची झेरॉक्स मागतात. ॲनाटॉमीत पीएचडी वगैरे सगळं उतरतं, ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) पाठ करायला अठरा वर्षांचं डोकं लागतं, माझं पहिल्या व्हायवात अर्ध्यात बंद पडलं. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी, म्हणजे मुलगा तापाने फणफणला असला तरी जायचं. बायोकेमच्या मॅडमनी मात्र एकदा मलाच फळ्यापाशी उभं केलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, तो एक दिवस बरा होता.

आणि आमच्या आधीच्या बॅचपासून गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची असतात, तुम्ही दर काही महिन्यांनी त्याच घरी जाऊन बीपी, हिमोग्लोबिन, मुलांची वजनं बघता. माझ्या एका घरातल्या आजी मला पहिल्या भेटीत विचारत होत्या, तुमची बदली झाली का इकडं. त्यांना वाटलं मी मोठा डॉक्टर आहे. त्यांची शुगर तीन वर्षं माझ्या वहीत आहे. नळीवरचं नाव हवं होतं ना तुम्हाला, ते इथे मिळतं, पण त्यासाठी आधी ब्रेकियल प्लेक्सस.

मेडफिजिक्स_चेंबूर:

छोटासा मुद्दा. डॉक्टरच व्हायला हवं असं नसतं. मी फिजिक्समध्ये एमएस्सी करून बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला, आता कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रेडिएशनचे प्लॅन करतो, पेशंट रोज समोर असतात, नावासकट, काही तर डबा आणून देतात. तुमच्या बाबतीत म्हणाल तर नेक्सकार१९ या देशी कार-टी थेरपीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली ती आयआयटी मुंबईची लॅब आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर एकत्र बसल्यामुळेच. तिकडे टी-सेल समजणारी माणसं लागतातच.

घाटी_इन_ह्यूस्टन:

+१. एमआरएनए लशीमागच्या कारिको आणि वाइसमनचंच बघा ना, २०२३ चं नोबेल, त्या नुसत्या पीएचडी, ते एमडी-पीएचडी, आणि ओळख म्हणे झेरॉक्स मशीनपाशी. पण खरं सांगू का, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मला पटलंही होतं आणि तरी मी गेलो.

डॉ_नाशिककर_आजोबा:

मुली, मी फिजिशियन, प्रॅक्टिसला ३४ वर्षं झाली. वयाचं वगैरे हे लोक सांगतायत ते बाजूला ठेव. मला तुझ्या गोष्टीतली एकच जागा खटकली म्हणून लिहितोय.

तुला वाटतंय की डॉक्टर झाल्यावर त्या नळीमागच्या माणसाचं पुढे काय झालं ते कळेल. अगं, आम्हालाही कळत नाही. टीबीचा पेशंट येतो, औषध सहा महिन्यांचं, दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं की गायब. फोन लावला तर लागत नाही, ऊसतोडीला गेला असेल, मुंबईला गेला असेल. छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस, अँजिओग्राफी करा म्हटलं, घरी विचारून सांगतो म्हणाला, परत दिसलाच नाही. माझ्या ओपीडीच्या जुन्या रजिस्टरांत असे किती असतील. ते तुझं काय ते, ऑफ स्टडी, ते माझ्याकडे रोज चार-पाच असतात. फरक एवढाच की मला त्यांचे चेहरे आठवतात, आणि ते बरं का वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून अर्ज करायच्या आधी सहा महिने दर शनिवारी कुठल्यातरी हॉस्पिटलात जा. आयसीयू नको, तिथे सगळं सिनेमासारखं असतं. जनरल ओपीडीत नाहीतर हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) बस. साठ पेशंट, त्यातले चाळीस सर्दी-गुडघे-ॲसिडिटी. एकेचाळिसाव्या गुडघ्यालाही तुला त्या माणसाकडे मान वर करून बघावंसं वाटलं तर ये खुशाल.

आणि मिरजेच्या त्या रेसिडेंट मुलीला शोधून पेढे दे. नळीत कचरा अडकलाय हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही.

पिपेटवाली_सांगलीकर:

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, तीन आठवडे झाले. आजोबा, तुमचं वाचून मी त्या दिवशी लॅबमधून लवकर घरी गेले, एवढंच सांगते.

अपडेट असं की पीआयला सांगितलं. ते पाच मिनिटं गप्प होते आणि मग म्हणाले ग्रँट संपेपर्यंत थांबशील ना, म्हणलं हो. ग्रीन कार्डच्या वकिलाशी बोलले, ईबी-१ लावून बघू म्हणाला पण वेळेची खात्री नाही. अमेरिकेतल्या संध्याकाळच्या क्लासेसची फी आणि दोन वर्षं आणि त्यानंतर त्या मोजक्या कॉलेजांची रांग हे सगळं एका कागदावर लिहिलं तेव्हा तो रस्ता आत्ता तरी माझा नाही असं वाटतंय. इथल्या एका हॉस्पिसमध्ये शनिवारी जायला लागलेय, दोनच शनिवार झालेत. एक ब्याण्णव वर्षांच्या बाई आहेत, मला दर वेळी नव्याने विचारतात तू कुठली, मी दर वेळी सांगली सांगते, काल त्या म्हणाल्या, परत सांग, ऐकायला छान वाटतं.

नीटचं अजून नक्की नाही पण एनसीईआरटी डाउनलोड केलीय. स्टेथोवाले दादा, बारावीची मार्कलिस्ट सापडत नव्हती, कोल्हापूर बोर्डातून डुप्लिकेट काढावी लागेल की काय म्हणून घाबरले होते. बाबांना फोन केला तर कशाला हवीय ते न विचारता त्यांनी गोदरेजचं कपाट उपसलं, आजीच्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत निघाली. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, उलटा, वर अंगठा आलाय, पण वाचता येतंय. बायो ८८, केमिस्ट्री ७९, फिजिक्स ६१. पीसीबीत पन्नास टक्के लागतात ना, ते तर होतंय?

रसायनवाला_स्टेथोवाला:

होतंय होतंय, आरामात. पण फिजिक्स ६१? मग बायो उघडूच नका आत्ता, आजपासून फिजिक्स. रोज तीस गणितं, घड्याळ लावून. आणि बाबांना तो फोटो सरळ करून परत पाठवायला सांगा, ॲडमिशनच्या वेळी मूळ मार्कलिस्ट लागते, ती त्याच पिशवीत परत ठेवायला सांगू नका.